कासव आणि रेघ : बालवयातील आत्मनियमन आणि आकारबोध

१

साहित्याच्या अभ्यासकाने बालशिक्षणाविषयी लिहावे, याचे थोडे समर्थन आरंभीच दिले पाहिजे. मुलाचे चित्त कसे स्थिरावते हा प्रश्न मानसशास्त्राचा. त्याला त्रिकोण केव्हा उमगतो हा प्रश्न गणिताच्या अध्यापनशास्त्राचा. या दोन्ही शास्त्रांत प्रस्तुत लेखिकेचा अधिकार नाही. परंतु या प्रश्नांची व्यावहारिक उत्तरे समाज ज्या प्रतिमांच्या आणि शब्दांच्या आधारे देत असतो, त्या प्रतिमा व ते शब्द बहुधा वाङ्मयातून आणि बोलभाषेतून आलेले असतात. त्यांची छाननी करणे हे मात्र आपले काम आहे, आणि ते आपण आजवर टाळले आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की आत्मसंयमाची जी प्रतिमा आपल्या अभिजात वाङ्मयाने आपल्या हाती दिली ती कासवाची आहे. ती प्रौढ साधकासाठी होती, पण नकळत ती बालवर्गात येऊन बसली आणि तेथे अपाय करीत आहे. आत्मसंयमाची दुसरी एक प्रतिमा आपल्या अंगणात पिढ्यान् पिढ्या वावरत आली आहे. ती रेघेची होय. लहान मुलाला कासवाची नव्हे, या रेघेची गरज आहे.

या विचाराला निमित्त झाले ते वेलचेरीतील वास्तव्य. चेन्नईच्या दक्षिण भागातील ही वस्ती एके काळी तळ्याकाठचे गाव होती. आता तळ्याचा बराचसा भाग वस्तीखाली गेला आहे, आणि चार-पाच मजली इमारती, उड्डाणपूल आणि २००७ पासून उन्नत रेल्वेचे स्थानक यांच्या दाटीत मूळ गाव शोधावे लागते. तरीही मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, पहाटे येथील गल्ल्यांतून चालत गेले की दारोदारी सडा घातलेला आणि त्यावर पांढरा कोलम उमटत असलेला दिसतो. मी एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून येथे आले, तेव्हा आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वृद्ध बाई आणि त्यांची पाच वर्षांची नात रोज पहाटे हे काम करीत असत. आजी वाकून पीठ सोडीत. नात आधी ठिपके मांडी. ठिपक्यांमधले अंतर ती स्वतःच्या दोन बोटांनी मोजी. एखादा ठिपका सरकला तर तो पुसून पुन्हा मांडी, आणि मग आजीने ओढलेल्या रेघेशेजारी आपली लहानशी रेघ फिरवू लागे. रेघ फिरवताना ती पुटपुटत असे : ‘सुत्ति वा, सुत्ति वा’, म्हणजे ‘वळसा घालून ये’. मी घड्याळ लावून कधी पाहिले नाही, पण माझा चहा होऊन वर्तमानपत्र वाचून संपे तरी तिचे काम चालूच असे.

याच मुलीच्या शाळेतून सत्राअखेर अहवाल आला. त्यात दोन शेरे होते. एक, मुलगी एका जागी स्थिर बसत नाही. दुसरा, तिला आकार ओळखता येत नाहीत. चौकशी करता असे कळले की कार्डावर टोक खाली असलेला त्रिकोण दाखविला असता ती म्हणाली, ‘हा त्रिकोण नाही, हा पडेल.’ तिच्या आईने तो अहवाल माझ्यापुढे ठेवला आणि विचारले, ‘मॅडम, हिला कोणा डॉक्टरांना दाखवायला हवे का?’ त्या प्रश्नातली भीती खरी होती. पहाटे जी मुलगी अर्धा-पाऊण तास एका कामावर खिळून राहते, तिचीच दुपारी ‘अस्थिर’ म्हणून नोंद होते, आणि जी दोन बोटांनी समान अंतरे मोजते, तिला ‘आकार कळत नाहीत’ असे लिहिले जाते. मग दोष मोजणाऱ्याच्या मापात असला पाहिजे. ते माप कोठून आले, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

२

भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाचे वर्णन करताना कासवाचा दृष्टांत येतो. कासव जसे सर्व बाजूंनी आपले अवयव आत ओढून घेते, तसा हा पुरुष इंद्रिये विषयांपासून आवरून घेतो. ज्ञानेश्वरांनी हा दृष्टांत मराठीत आणला. तिकडे तिरुक्कुरळच्या तेराव्या अधिकारात, आत्मसंयमाच्या प्रकरणात, पाच इंद्रिये आवरण्यासाठी नेमका हाच प्राणी येतो. दोन भाषाकुलांच्या, दोन वेगळ्या परंपरांच्या ग्रंथांनी एकच प्राणी निवडावा, ही गोष्ट तौलनिक अभ्यासकाला मोह पाडणारी आहे. प्रभाव कोणाचा कोणावर, या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे ते एवढेच की संयम म्हणजे आत ओढून घेणे, हा अर्थ आपल्या दोन्ही परंपरांत दृढ झाला.

या दृष्टांतावर अन्याय होऊ नये म्हणून एक खुलासा केला पाहिजे. गीतेतील कासव कायमचे कवचात राहत नाही. अवयव आत घेणे आणि बाहेर काढणे हे दोन्ही त्याच्या स्वाधीन आहे, आणि ती स्वाधीनता हाच दृष्टांताचा खरा गाभा आहे. शिवाय हा उपदेश जग भोगून, जग ओळखून झालेल्या माणसाला आहे. ज्याला जगाला हात लावून अजून पाहायचे आहे, अशा चार वर्षांच्या मुलाला तो नाही.

प्रत्यक्षात मात्र तो त्यालाच लागू केला गेला. ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ ही आज्ञा ऐकली नाही असा मराठी माणूस विरळा. तमिळ भाषेत ‘कै कट्टि, वाय् पोत्ति’ असा वाक्प्रयोग आहे. त्याचा शब्दार्थ हात बांधून, तोंड झाकून, असा असून तो वरिष्ठापुढे मिंधेपणाने उभे राहण्याविषयी वापरला जातो. मराठीने जी आज्ञा बालवर्गातील शिस्त म्हणून स्वीकारली, तीच मुद्रा तमिळने दास्याची खूण म्हणून नोंदवून ठेवली आहे. दोन्ही शब्दप्रयोग शेजारी ठेवले की बालवर्गातले कासव स्पष्ट दिसते. हात आत, वाणी आत, आणि दृष्टी समोरच्या फळ्यावर. या स्थितीत मूल जे शिकते ते आज्ञापालन होय. आत्मनियमन ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. कारण ज्याचे नियमन करायचे ती कृतीच येथे काढून घेतलेली असते.

शिक्षिकेची बाजूही येथे नोंदविली पाहिजे. चाळीस मुले, एक खोली आणि वरून ठरवून आलेले वेळापत्रक असले की कोणालाही कवचाचा मोह होईल. माझी तक्रार व्यक्तीविरुद्ध नाही. ज्या कल्पनेपुढे शिक्षिका आणि पालक दोघेही निरुपाय होतात, त्या कल्पनेविरुद्ध ती आहे.

३

आधुनिक मानसशास्त्र आत्मनियमनाचा जो अर्थ करते तो कासवापेक्षा पुष्कळ निराळा आहे. त्यात साधारणतः तीन गोष्टी धरल्या जातात : प्रथम सुचलेली कृती आवरणे, सूचना किंवा हेतू मनात धरून ठेवणे, आणि नियम बदलला की आपले वागणे बदलणे. लहान मुलांसाठी वापरली जाणारी एक प्रसिद्ध कसोटी अशी की ‘डोके’ म्हटले की पायाची बोटे धरायची आणि ‘पाय’ म्हटले की डोके. आपल्याकडील ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ याच जातीचा आहे. या व्याख्येत संयम हा कृतीच्या आत असतो. कृती थांबली की त्याची परीक्षाच होऊ शकत नाही.

गेल्या दोन-अडीच दशकांतील अनेक पाहण्यांत असे आढळले आहे की शाळेच्या उंबरठ्यावर ज्या मुलांचे असे आत्मनियमन चांगले असते, त्यांची गणितातील वाटचालही सरासरीने बरी होते. ठोकळ्यांची रचना पाहून तशीच रचना करण्याचे कौशल्य आणि गणिताची समज यांतही असा संबंध दिसतो. अर्थात दोन गोष्टी बरोबर आढळल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडते असे सिद्ध होत नाही, आणि या क्षेत्रात घाईने काढलेले निष्कर्ष नंतर मागे घ्यावे लागले आहेत. स्टॅनफर्ड येथे वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून केलेले प्रयोग सर्वांना माहीत आहेत. एक गोळी आत्ता, की थोडे थांबून दोन, असा पर्याय मुलांपुढे ठेवला होता. जी मुले थांबली ती पुढे अधिक यशस्वी झाली, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये अधिक मोठ्या व विविध मुलांच्या समूहावर हा संबंध पुन्हा तपासला गेला. तेव्हा घरची परिस्थिती हिशेबात घेताच तो पुष्कळच क्षीण झाला. ज्या घरात उद्याची शाश्वती असते तेथील मुलाला थांबणे सोपे जाते, हे समजायला खरे तर प्रयोगशाळेची आवश्यकता नव्हती. म्हणून आत्मनियमनाकडे मुलाचा जन्मजात गुण किंवा अवगुण म्हणून पाहणे धोक्याचे आहे. ते पुष्कळसे त्याला मिळालेल्या कामावर आणि त्या कामातल्या विश्वासावर अवलंबून असते.

आता पुन्हा त्या पहाटेच्या कोलमकडे वळू. ठिपक्यांभोवती वळसे घालीत जाणाऱ्या प्रकाराला ‘सिक्कु कोलम’ म्हणतात. सिक्कु म्हणजे गुंता. त्याचे नियम कडक आहेत. प्रत्येक ठिपका रेघेने वेढला गेला पाहिजे, एकदा ओढलेल्या रेघेवरून पुन्हा रेघ जाता कामा नये, आणि रेघ शेवटी निघाल्या ठिकाणी परत आली पाहिजे. यातली सर्वांत साधी वीण घेतली आणि ठिपक्यांच्या तीन ओळी व प्रत्येकीत चार ठिपके अशी मांडणी केली, तर सगळी आकृती एका अखंड रेघेत पुरी होते. तीन ओळी व प्रत्येकीत तीनच ठिपके घेतले की तीच वीण तीन वेगवेगळ्या वेटोळ्यांत फुटते. सहा आणि चार घेतल्यास दोन वेटोळी होतात. किती वेटोळी होणार हे त्या दोन संख्यांच्या महत्तम साधारण विभाजकावरून ठरते. आजीला हा सिद्धांत या शब्दांत ठाऊक नाही. पण कोणत्या मांडणीत ‘रेघ तुटते’ हे तिला नेमके ठाऊक आहे, आणि नात ते पाहून शिकत आहे.

वेलचेरीपासून फार दूर नसलेल्या तांबरम येथील मद्रास ख्रिश्चन महाविद्यालयात गिफ्ट सिरोमणी यांनी या आकृत्यांचा शास्त्रीय अभ्यास केला. १९७४ मध्ये राणी सिरोमणी आणि कमला कृतिवासन यांच्यासह त्यांनी कोलमच्या आकृत्या व्याकरणाच्या नियमांनी कशा निर्माण करता येतात हे दाखवून दिले, आणि त्यातून संगणकशास्त्रातील चित्रभाषांच्या विचाराला चालना मिळाली. भाषेच्या अभ्यासकांनी हा शब्द लक्षात घ्यावा. गणितज्ञांनी कोलमला नक्षी न म्हणता भाषा म्हटले, तिचे व्याकरण लिहिले. भाषाविभागांनी मात्र तिला लोककलेच्या कप्प्यात टाकून कप्पा बंद केला.

पहाटेच्या त्या कामात वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टी घडताना दिसतात. सरळ जाण्याची ओढ आवरून वळावे लागते. पुढचा वळसा मनात धरावा लागतो. जागा कमी पडली तर बेत बदलावा लागतो. तेथे हात पसरलेला आहे, बोटांतून पीठ सुटत आहे, तोंडाने पुटपुटणे चालू आहे. वायगोत्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादिले होते की मूल स्वतःशी मोठ्याने बोलते ते निरर्थक नसते. दुसऱ्याने दिलेली सूचना ते त्या बोलण्यातून आपली करून घेत असते, आणि कालांतराने तेच बोलणे आत जाऊन विचार बनते. ‘सुत्ति वा’ हे प्रथम आजीचे वाक्य होते. आता ते नातीचे झाले आहे. तोंडावर बोट ठेवायला लावले तर हा प्रवास मध्येच तुटतो.

४

या मताला इतिहासाचा आधार आहे, आणि त्याचा एक महत्त्वाचा अध्याय वेलचेरीपासून काही मैलांवरच घडला. १९३९ च्या नोव्हेंबरमध्ये मारिया माँटेसरी मद्रासमधील अड्यार येथे थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून आल्या. पुढच्याच वर्षी इटली युद्धात उतरली आणि शत्रुराष्ट्राच्या नागरिक म्हणून त्यांच्यावर निर्बंध आले. काही महिन्यांसाठी म्हणून आलेल्या बाई १९४६ पर्यंत भारतात राहिल्या. त्यांच्या पद्धतीत जमिनीवर एक लंबवर्तुळ आखलेले असते आणि मुले त्या रेघेवरून पाऊल जुळवीत चालतात. जरा सराव झाला की हातात पाण्याचा पेला किंवा घंटा घेऊन, पाणी सांडू न देता, घंटा वाजू न देता. लाकडी त्रिकोण व वर्तुळे त्यांच्या खाचांत बसवण्यापूर्वी मुले त्यांच्या कडेवरून बोट फिरवतात. आकार चुकीच्या खाचेत बसत नाही, म्हणून चूक सांगायला शिक्षिकेची गरज पडत नाही. शिस्त आणि भूमिती येथे एकाच व्यायामात साधल्या जातात. दोन्ही गोष्टी कोलमच्या देशात कितीतरी आधीपासून होत्या, असे म्हणण्याचा मोह होतो. पण तो आवरून एवढेच म्हणावे की या देशाने त्या पद्धतीला परके मानावे असे काही नव्हते.

परके होते ते तिचे महाग साहित्य. हा प्रश्न महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी सोडवला. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून आलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. त्याच वर्षी अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारल्यांच्या वस्तीत गेले. बिया, शंख-शिंपले, पाने, खडे हेच साहित्य झाले. मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच शाळाच मुलांच्या अंगणात नेली गेली, आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द मराठीला मिळाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने तो शब्द देशभर नेला. आज हा शब्द उच्चारताना पोषण आहार आणि लसीकरण आठवते, आणि ते योग्यच आहे. पण शब्दाचा पूर्वार्ध ‘अंगण’ आहे, आणि आपल्या अंगणात पहिली रेघ शाळेने ओढलेली नव्हती, हेही आठवावयास हवे.

कोसबाडचा परिसर आज पालघर जिल्ह्यात मोडतो. तेथील वारली घरांत लग्नाच्या वेळी सवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने ‘चौक’ लिहितात. चौकोनाच्या आत पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, पशू. माणसाची आकृती दोन त्रिकोणांची : वरचा टोक खाली असलेला, खालचा टोक वर असलेला, दोन्ही टोकांशी जोडलेले. आता वेलचेरीच्या त्या कार्डाकडे पाहा. टोकावर उभा केलेला त्रिकोण लहान मुले पुष्कळदा त्रिकोण म्हणून नाकारतात, हे बालगणिताच्या अभ्यासात वारंवार दिसून आले आहे. पुस्तकांत आणि तक्त्यांत त्यांनी सदैव पायावर बसलेला, तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोणच पाहिलेला असतो. ज्या मुलाने भिंतीवर माणसाची छाती म्हणून उलटा त्रिकोण रोज पाहिला, ते मूल असा नकार देईल काय? मला वाटते, देणार नाही. हा माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. परंतु तो तपासून पाहणे अवघड नाही, आणि ते काम एखाद्या मराठी विभागाने शिक्षणशास्त्र विभागाच्या साहाय्याने हाती घ्यावे अशी माझी सूचना आहे.

डच दाम्पत्य व्हॅन हिले यांनी १९५७ मध्ये दाखवून दिले की मूल आधी आकार एकसंध रूपाने ओळखते आणि त्याच्या गुणधर्मांकडे नंतर वळते. ‘हा पडेल’ हे उत्तर या दृष्टीने चुकीचे असले तरी निर्बुद्ध नव्हे. मुलीने आकाराला भार आणि तोल असलेली वस्तू मानले होते. तेथून ‘तीन बाजू, तीन कोन, मग तो कसाही ठेवा’ येथपर्यंत तिला न्यायला एक प्रश्न आणि थोडा अवधी पुरला असता. शेरा लिहिण्यात दोन्ही वाया गेले.

५

आता शब्दांकडे येऊ. मराठी मूल ‘सरळ’ हा शब्द भूमितीत शिकत नाही. ते प्रथम ‘सरळ बस’ असे ऐकते. ‘वाकडा’ हा शब्द त्याला ‘तोंड वाकडे करू नकोस’ या वाक्यातून कळतो. पुढे तो माणूस ‘नाकासमोर चालणारा’, हा ‘वाकड्यात शिरणारा’, त्याचे बोलणे ‘तिरकस’, हिचे ‘आडवळणाचे’, कोणाचे काम ‘आखीवरेखीव’, कोणी ‘चौकटीतला’, असा सारा स्वभावविचार आपण भूमितीच्या भाषेत करतो. तमिळमध्येही तसेच. ‘नेर’ म्हणजे सरळ. ठिपक्यांची सरळ मांडणी ती ‘नेर पुळ्ळी’, आणि त्याच धातूपासून आलेला ‘नेर्मै’ म्हणजे प्रामाणिकपणा. तिरुक्कुरळमध्ये सुराज्याच्या प्रकरणाला सरळ राजदंडाचे नाव आहे, ‘सेंगोन्मै’. आणि त्याच्या पुढच्याच, जुलमी राज्याच्या प्रकरणाला वाकलेल्या राजदंडाचे, ‘कोडुंगोन्मै’.

तेव्हा आचार आणि आकार यांचे नाते आपल्या भाषांनी आधीच जोडून ठेवले आहे. अडचण अशी की हे शब्द मुलाच्या कानी प्रथम हुकूम म्हणून पडतात, आणि बालवर्गात तेच शब्द पुढे कार्डावरची नावे म्हणून येतात. मधली पायरी, म्हणजे हाताने सरळ रेघ ओढून पाहणे आणि ती वाकडी आली म्हणून पुन्हा ओढणे, गळून जाते. मराठीत या मधल्या पायरीसाठी एक सुंदर शब्दप्रयोग आहे : ‘मनाला मुरड घालणे’. मुरड हा शब्द करंजीच्या कडेला घालावयाच्या वळीचा. ती बोटांनी घालावी लागते, तिला सराव लागतो, आणि ती नीट पडली नाही तर करंजी तेलात फुटते. संयमाची ही कल्पना कासवाच्या कवचापासून फार दूर आहे. यात इच्छा दडपली जात नाही. तिला वळण दिले जाते. ‘वळण’ हाही शब्द पाहा : अक्षराचेही वळण असते आणि मुलाचेही.

६

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आला पाहिजे. कोलम किंवा रांगोळी हे मुलींवर लादलेले काम आहे. तिच्या रेघेत संयम शिकण्याबरोबर उंबरठाही शिकविला गेला. हे खरे आहे, आणि ते लपवून ठेवून या परंपरेचा गौरव करणे अप्रामाणिकपणाचे होईल. रेघ ही बंधनही असते. लक्ष्मणरेषेची कथा त्याचे प्रसिद्ध उदाहरण. परंतु तौलनिक अभ्यासकाला हेही ठाऊक आहे की ही रेषा वाल्मीकींच्या रामायणात नाही, आणि कंबनच्या काव्यात रावण पर्णकुटी जमिनीसह उचलून नेतो. ती पुढच्या काळातील कथनांतून आली आणि मग नीतिशिक्षणाने तिला डोक्यावर घेतले. दुसऱ्याने आपल्याभोवती आखलेली रेघ आणि आपण आपल्या हाताने ओढलेली रेघ यांत जे अंतर आहे, तेच शिस्त आणि आत्मनियमन यांतील अंतर आहे. पहिली ओलांडता येते किंवा येत नाही एवढेच. दुसरी पुसून पुन्हा काढता येते.

म्हणून माझी मागणी मुलींना रांगोळी काढावयास लावावी अशी नाही. मुलगे आणि मुली, दोघांच्याही हाती खडू, पीठ, वाळू, दोरी द्यावी, आणि जमीन मोकळी ठेवावी. लंगडी घालीत घरे ओलांडण्याचा जो खेळ विदर्भात ‘ठिकरी’ म्हणून आणि तमिळनाडूत ‘पांडी’ म्हणून खेळला जातो, त्यात मुले आयत आधी स्वतः आखतात आणि मग त्याच्या कडेवर पाय पडू नये म्हणून स्वतःला सावरतात. हा खेळ धार्मिक नाही, तो एका जातीचा नाही, आणि त्याला साहित्य म्हणून एक खापरी पुरते.

धोरणाच्या भाषेतही थोडी दुरुस्ती हवी. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत मानला, हे चांगले झाले. त्यानंतर २०२१ मध्ये आलेल्या अभियानाने ‘पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञान’ असे शब्द रूढ केले. तमिळनाडू शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या कार्यक्रमाचे नाव ‘एण्णुम एळुत्तुम’, म्हणजे अंक आणि अक्षर. तिरुक्कुरळने या दोहोंना डोळे म्हटले आहे. दोन्ही कार्यक्रमांच्या आशयात आकार आणि अवकाश यांना जागा आहे, हे मान्य. पण नावात ज्याला स्थान नसते ते वेळापत्रकातही मागे पडते, असा सर्वांचा अनुभव आहे. डोळे दोन असले तरी हात विसरून चालणार नाही.

आणि भाषाविभागांनी काय करावे? बालवाडीच्या पुस्तकांत आकारांची जी नावे छापली जातात ती बहुधा एकाच साच्यातली असतात. रेघेला, कडेला, कोपऱ्याला, वळणाला, वेटोळ्याला आपल्या बोलींत किती शब्द आहेत, कोणत्या खेळात कोणती सूचना गुणगुणली जाते, याचा संग्रह आपल्याखेरीज कोण करणार? अशा संग्रहाचे मोल कोशापुरते नाही. ‘सुत्ति वा’ सारखे एक वाक्य शिक्षिकेच्या हाती आले तर तिला आज्ञेऐवजी सूचना सापडते.

७

वेलचेरीतील दंडीश्वराचे मंदिर चोळकालीन आहे. मार्कंडेयाच्या प्रसंगी यमाने गमावलेला दंड त्याला येथे परत मिळाला, अशी स्थानिक कथा आहे, आणि त्यावरूनच देवाचे नाव पडले. दंड हा शब्द आपण शिक्षा या अर्थानेच घेतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तो चार हातांचे एक मापही आहे. शेत आणि रस्ता मोजावयाचे. बालशिक्षणाने आजवर पहिला दंड पुष्कळ वापरला. दुसरा मुलाच्याच हाती द्यावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

त्या मुलीच्या आईला मी सांगितले की डॉक्टरांकडे जाण्याची घाई नको. अहवाल लिहिणाऱ्या बाईंना एकदा पहाटे बोलवा. बाई आल्या नाहीत, आणि त्यांच्या दिनक्रमाचा विचार करता त्याचे आश्चर्यही नाही. पण आईने दुसऱ्या दिवशी कोलमच्या कडेला एक त्रिकोण काढून दिला, टोक खाली असलेला. मुलगी काही वेळ तो पाहत राहिली. मग ती उठली, त्याला वळसा घालून पलीकडे गेली, तेथून वाकून पाहिले, आणि म्हणाली, ‘इकडून हा बसलेला आहे.’